मागे राहणाऱ्याचा हक्क

नांदेडच्या तरोड्यात किंवा लातूरच्या औसा रोडला नवरा-बायको मिळून फ्लॅट घेतात. खरेदीखतावर दोघांची नावे असतात, गृहकर्जाच्या कागदांवर दोघांच्या सह्या असतात, हप्ताही पुष्कळदा दोघांच्या पगारातून जातो. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट धरूनच चाललेले असते : घर दोघांचे आहे, तेव्हा एकाचे काही बरेवाईट झाले तर ते दुसऱ्याचे होणारच. "नवऱ्यामागं बायकोचंच असतंय की," असे शेजारीपाजारी सांगतात आणि कागद कपाटात जातात. कायदा मात्र तसे म्हणत नाही. तो काय म्हणतो हे बहुतेक बायकांना तेराव्यानंतर, वारसांची यादी द्यायची वेळ येते तेव्हा कळते.

संसारात जमवलेली जमीन, घर आणि पैसा नवरा-बायकोत कसा वाटला जातो, दोघांच्या नावावर ठेवल्याने नेमके काय मिळते आणि एक गेल्यावर मागे राहणाऱ्याच्या हाती काय उरते, हा पुढील पानांचा विषय आहे.

हिशेब एकदा समोर मांडून पाहिला पाहिजे. समजा, तरोड्याचा तो फ्लॅट निम्मा-निम्मा आहे आणि नवरा मृत्युपत्र न करता वारला. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि नवऱ्याची आई. बायकोचा स्वतःचा अर्धा हिस्सा तिचाच राहतो. नवऱ्याचा अर्धा हिस्सा हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गातल्या वारसांना सारखा जातो. असे वारस इथे चार आहेत, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण घराचा आठवा भाग. बायकोकडे आठपैकी पाच भाग आले. मुले अज्ञान असतील तर त्यांच्या नावे आलेला हिस्सा आई स्वतःच्या सहीने विकू शकत नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. एवढ्यावरही संपत नाही. काही वर्षांनी सासू गेली की तिचा आठवा भाग तिच्या वारसांकडे जातो, आणि तिचे वारस म्हणजे ही दोन नातवंडे आणि त्यांच्यासोबत सासूची बाकीची मुले-मुली. ज्या घराच्या हप्त्यात दिराचा किंवा नणंदेचा एक रुपया नाही, त्या घरात ते कायद्याने हिस्सेदार होतात. यात कोणी वाईट असावे लागत नाही. दीर चांगला असला तरी विक्रीच्या वेळी त्याची सही लागतेच, आणि तो नसला तर त्याच्या मुलांची.

इंग्लंडमध्ये जोडप्याने घर संयुक्त धारक म्हणून घेतले असेल तर एक गेल्याच्या क्षणी ते पूर्णपणे दुसऱ्याचे होते. मृत्युपत्रही त्या घराला लागू होत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत नवरा-बायकोची अशी एक खास मालकी आहे की तिच्यातला एकटा जण आपला हिस्सा विकू शकत नाही आणि एकट्याचा सावकार त्या घराला हात लावू शकत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात वाट वेगळी आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीने, लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर, दोघांची मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकाचा निम्मा वाटा ठरतो. बायकोच्या संमतीशिवाय नवरा घर विकू शकत नाही. गोव्यातही मेलेल्याचा निम्मा वाटा वारसांकडेच जातो, पण बायकोचा निम्मा वाटा ती कमावती असो वा नसो, लग्नाच्या दिवसापासून तिचा असतो. उरलेल्या बहुतेक भारतात लग्नाने मालमत्तेत असा कोणताच हक्क येत नाही. नवऱ्याच्या घरात निम्मा वाटा देऊ पाहणारे विवाह कायदे दुरुस्ती विधेयक राज्यसभेत २०१३ साली मंजूर झाले, लोकसभेत मात्र ते मंजूर झाले नाही आणि बारगळले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बायकोला घरात राहण्याचा हक्क दिला, मालकीचा नाही.

दोघांच्या नावे खरेदी झाली तर मालमत्ता हस्तांतरण कायदा एवढेच सांगतो की ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा, आणि पुरावा नसेल तर सारखा. मागे राहणाऱ्याला सगळे मिळावे ही इंग्रजी कल्पना हिंदू कुटुंबाला आपोआप लावता येणार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८९६ मध्येच ठरवून टाकले. न्यायालये आजही तिथूनच निघतात. खरेदीखतात तसे शब्द स्पष्ट लिहिले तर गोष्ट वेगळी, पण आपल्याकडच्या खरेदीखतांच्या ठरलेल्या मसुद्यात ते शब्द सहसा नसतात आणि ते घालायला कोणी सांगतही नाही.

यात एक कडू गोष्ट आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मागे राहील त्याचे, हा नियम आपल्याकडे नव्हताच असे नाही. तो शतकानुशतके होता, फक्त नवरा-बायकोसाठी नव्हता. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात एक भाऊ वारला की त्याचा हिस्सा उरलेल्या भावांत मिसळून जाई. विधवेला पोटगी आणि राहायला जागा. वकिली भाषेतले उत्तरजीवित्व ते हेच, आणि ते भावकीचे होते. निजामाच्या राज्यातला पट्टेदार असो की १९५४ च्या खासरा पाहणीत नोंदलेला खातेदार, कागदावर सहसा घरातला कर्ता पुरुष असे. मराठवाड्यातल्या जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, ही अक्षरे अजून दिसतात. धाकट्या भावांची नावेच त्या कागदावर नसत, तिथे त्यांच्या बायका कुठून असणार?

हा नियम मोडत आणणारा एक खटला सांगलीचा आहे. खंडाप्पा मगदूम १९६० मध्ये वारले. मागे बायको हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या न्यायालयात चोवीसपैकी सात भाग मागितले. खालच्या न्यायालयाने एक भाग दिला. वाद गणिताचा वाटतो, पण होता बायकोच्या जागेचा. महाराष्ट्रात चालत आलेल्या रिवाजात बाप-मुलांची वाटणी झाली तर आईला मुलाइतका वाटा मिळतो, पण ती स्वतः वाटणी मागू शकत नाही. हिराबाईंचे म्हणणे असे की खंडाप्पा गेले त्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे कायदा धरतो, तर त्या वाटणीत माझा पाव हिस्साही धरा. नवरा, बायको आणि दोन मुलगे असे चार पाव. मग खंडाप्पांच्या पावाचे सहा वारसांत सहा भाग, म्हणजे प्रत्येकी चोविसावा. पाव आणि चोविसावा मिळून सात चोविसांश. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिराबाईंचा हिशेब मान्य केला. निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचा. नवऱ्याच्या मृत्यूनंतर अठरा वर्षे एका बाईने आपल्या वाट्यासाठी घालवली आणि त्या वाट्यामागे पुढच्या हजारो विधवा उभ्या राहिल्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना मुलाच्या बरोबरीने जन्मतः हिस्सेदार केले, केंद्राने २००५ मध्ये सगळ्या देशात तेच केले आणि भावकीचे ते जुने उत्तरजीवित्वही काढून टाकले. ते गेले, हे चांगलेच झाले. पण त्याच्या जागी नवरा-बायकोसाठी काही आले नाही.

जमिनीच्या बाबतीत याच भागात एक मोठा प्रयत्न झाला आणि तो सरकारने सुरू केला नव्हता. नांदेड, लातूर, परभणी ही शेतकरी संघटनेची पक्की गावे असलेली पट्टी. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती' मांडली. कर्जमुक्ती मागणाऱ्या शेतकऱ्याच्या डोक्यावर घरच्या लक्ष्मीचे कर्ज आहे, ते त्याने आधी फेडावे, असा त्यांचा युक्तिवाद. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करतील ते लक्ष्मीमुक्ती गाव, आणि आभार मानायला शरद जोशी स्वतः तिथे येणार. कायद्याचा धाक नाही, अनुदान नाही, तरी पुरुष चावडीवर गेले आणि बायकोच्या नावाचा अर्ज देऊन आले. चळवळीच्या इतिहासात पुरुषांनी आपणहून हातची मालकी सोडल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. हे त्यांतले एक मोठे उदाहरण, आणि मराठवाड्यात त्याची आठवण पुसट होत चालली आहे याचे वाईट वाटते.

१५ सप्टेंबर १९९२ च्या परिपत्रकाने महसूल खात्याने ही कल्पना उचलली. नवऱ्याने अर्ज दिला की त्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहधारक म्हणून लागते. तलाठी फेरफार धरतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. पुढे २००३ मध्ये गावठाणातल्या घरांसाठीही ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दोघांची नावे लावण्याचा निर्णय झाला.

या नावाने काय होते? पुष्कळ होते. रेणापूर किंवा मुखेड तालुक्यात सोयाबीन-तुरीची चार एकर शेती असली तरी पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान हे सगळे सातबाऱ्यावरच्या नावाने येते. नाव नसलेली बाई पेरणीपासून खळ्यापर्यंत राबूनही सरकारच्या लेखी शेतकरी ठरत नाही. दारूच्या भरात किंवा सावकाराच्या तगाद्यापायी जमीन विकायला निघालेल्या नवऱ्याला बायकोचा अंगठा घ्यावा लागतो, हेही काही लहान संरक्षण नव्हे. पण महसुली नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे न्यायालयांनी इतक्या वेळा सांगितले आहे की त्यावर वाद उरलेला नाही. सहधारक म्हणून नाव असलेली बायको नवऱ्याच्या मागे आपोआप सगळ्या जमिनीची धनी होत नाही. मुलांची, मुलींची, सासूची नावे येतातच. आणि जमीन भावांच्या सामाईक खात्यावर असेल तर वाटणी होईपर्यंत नवऱ्याचा तुकडा कोणता हेच ठरलेले नसते.

आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरांत हा प्रश्न सगळ्यांत उघडा पडला. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ५०५ विधवांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के बायकांच्या नावे शेतजमीन अजून लागलेली नव्हती, आणि राहत्या घरावर हक्क मिळालेल्या फक्त ३५ टक्के होत्या. मदतीचा एक लाख मिळाला तरी जमीन दिराच्या किंवा सासऱ्याच्या ताब्यात. जून २०१९ मध्ये सरकारने या बायकांच्या वारस नोंदींसाठी आणि इतर मदतीसाठी शासन निर्णय काढला. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, कारण मयत खातेदारांची नावे गावोगाव सातबाऱ्यावर तशीच होती. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. भावकीच्या दबावात, माहेरी जाऊन बसलेल्या तरण्या विधवेसाठी ते तीन महिने फार लवकर जातात.

लातूर जिल्ह्याला या विषयातला एक प्रश्न असा विचारला गेला, जो फार कमी जिल्ह्यांना विचारला गेला असेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारी, मंगरूळ, सास्तूर आणि आसपासच्या गावांत भूकंपाने दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. जिथे एका खोलीत, एका ढिगाऱ्याखाली नवरा-बायको दोघेही गेले, तिथे आधी कोण गेले? प्रश्न ऐकायला निर्दयी वाटतो, पण वारसाचे सगळे गणित या प्रश्नाच्या उत्तरावर असते. जो मागे राहिला, एक मिनिट का होईना, तो दुसऱ्याचा वारस झाला. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २१ व्या कलमात याचे उत्तर आहे : कोण आधी गेले हे कळण्याजोगे नसेल तर वयाने लहान असलेला मागे राहिला असे धरायचे. आपल्याकडे बायको सहसा लहान, म्हणून तीच मागे राहिली असे धरले जाते आणि नवऱ्याचा हिस्सा क्षणभर तिच्याकडे येतो. मूलबाळ नसेल तर तोच हिस्सा पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे परततो. इतकेच नाही, तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेले घरही मूलबाळ आणि नवरा नसेल तर मृत्युपत्राअभावी आधी नवऱ्याच्या वारसांना मिळते, आई-वडिलांचा नंबर नंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी बाहेर काढले, माहेरच्यांनी शिकवले, नोकरी लागली. ती बाई वारली तेव्हा तिची पुंजी मिळाली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कलम स्पष्ट होते, न्यायालयाचा इलाज चालला नाही. ज्या स्त्रिया स्वतः कमावतात त्यांनी हे कलम एकदा तरी वाचावे.

बँकेतल्या पैशांबद्दलही असाच गैरसमज आहे. 'दोघांपैकी कोणीही अथवा हयात असणारा' अशा खात्यातली रक्कम बँक मागे राहणाऱ्याला देऊन मोकळी होते. मालकी मात्र वारसांचीच. नॉमिनीचेही तेच. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मागे त्यांच्या गुंतवणुकींवरून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ च्या निकालाने ठरले की शेअर्सचा नॉमिनी हा मालक नव्हे, तो वारसांसाठी सांभाळणारा. याला एक चांगला अपवाद आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. विवाहित पुरुषाने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे आयुर्विम्याची पॉलिसी काढली तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते. सावकाराचा हात तिथपर्यंत पोचत नाही. पॉलिसी घेतानाच फॉर्मवर तसे नोंदवावे लागते.

वर सांगितलेला वारसाचा हिशेब हिंदू, बौद्ध, जैन, नांदेडचे शीख आणि लातूरचे लिंगायत या सगळ्यांना लागू आहे. मुस्लिम घरांत वाटे वेगळे : मुले असतील तर विधवेला आठवा, नसतील तर चौथा. तिथे मृत्युपत्राने बायकोला जास्त द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते, म्हणून हयातीतला हिबा म्हणजे बक्षीस, तोही ताबा देऊन, हाच पक्का मार्ग. किनवट-माहूरच्या आदिवासी कुटुंबांना १९५६ चा कायदा लागूच नाही, तिथे रिवाज पाहिला जातो.

उपाय अवघड नाहीत, महागही नाहीत. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला बक्षीसपत्राने दिली तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतला अविभक्त हिस्सा असा बक्षीस देता येत नाही, त्यासाठी आधी वाटणी करावी लागते. मात्र तोच हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. नवीन घर घेताना खरेदीखतात दोघांचे हिस्से आकड्यात लिहून घ्यावेत, आणि मागे राहणाऱ्याला पूर्ण घर मिळावे अशी इच्छा असेल तर ते वाक्य वकिलाकडून घालून घ्यावे. महिलेच्या एकटीच्या नावे घर घेतले तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळते, म्हणून पुष्कळ जोडपी हल्ली तसे करतात. ते चांगलेच, पण मग बायकोचे मृत्युपत्रही नवऱ्याच्या मृत्युपत्राइतकेच गरजेचे होते.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. दोन साक्षीदार लागतात, त्यांच्या देखत सही करायची असते आणि त्यांनीही सही करायची असते. नांदेड-लातुरात प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती नाही. ज्यांच्या घरी हे झालेले नाही त्यांनी सातबारा, नमुना आठ, खरेदीखत आणि पासबुके एकदा नवरा-बायकोने एकत्र बसून पाहावीत, कोणत्या कागदावर कोणाचे नाव नाही ते लिहून काढावे, आणि दोघांचीही मृत्युपत्रे दोघेही धडधाकट असतानाच करून घ्यावीत.